खंडेनवमीला घासलेली तार

शाळेत मीटर ब्रिज एकच होता, आणि तो आला त्या दिवशी तो बघायला अर्धं गाव जमलं होतं.

जिथून केळीच्या वॅगनी भरून दिल्लीकडे जात त्या सावदा स्टेशनावर तो पुण्याहून लाकडी खोक्यात उतरला. भंगाळे सरांनी तो बैलगाडीत कडब्यावर ठेवून गावात आणला आणि वाटभर गाडीवानाच्या मागे बसून प्रत्येक खड्ड्याला त्याला हाका मारल्या. खोकं उघडल्यावर मात्र लोकांची निराशा झाली. मीटरभर लांबीची एक फळी, तिच्यावर पितळेच्या जाड पट्ट्या, एक मोजपट्टी आणि तिच्या कडेने ताणलेली बारीकशी तार. चाक नाही, दांडा नाही, आवाज नाही.

"हे चालू कधी व्हतं, मास्तर?" तोताराम आबांनी विचारलं. आबा शाळा समितीचे अध्यक्ष. शाळेच्या तीन खोल्या त्यांच्याच जागेवर उभ्या होत्या.

"हे चालत नाही, आबा. याने मोजतात."

"काय मोजतात?"

"विजेला तार किती अडवते ते. त्याला रोध म्हणतात."

"गावात वीज नही आन् तिला अडवणारं आधी आलं," आबा म्हणाले. लोक हसले. सरही हसले, पण खोक्याचं झाकण त्यांनी जरा घाईनेच लावलं.

ही गोष्ट १९५४ सालची. फैजपूरपासून बैलगाडीने तासाभराच्या त्या गावात विजेचे खांब अजून आले नव्हते. प्रयोगाला प्रवाह लागे तो सर काचेच्या बरण्यांमध्ये तयार करत. बरणीत नवसागराचं पाणी, त्यात जस्ताची कांडी आणि कार्बनची कांडी. नवसागर गावात येणाऱ्या कल्हईवाल्याकडून मिळे. तो पुडी बांधता बांधता दर वेळी विचारी, "मास्तर, भांडी तरी किती आहेत तुमच्या शाळेत?"

दहावीच्या वर्गात दोन मुली होत्या, कमल आणि लता. कमल ही पितांबर चौधरींची मुलगी. गणितात वर्गात पहिली, आणि भंगाळे सरांच्या तासाला पहिल्या बाकावर. शाळेला अजून अकरावीला पदार्थविज्ञान शिकवण्याची परवानगी नव्हती. शिक्षणखात्याचे तपासनीस दिवाळीनंतर येणार होते. ते प्रयोगशाळा बघणार, एखाद्या विद्यार्थ्याला प्रयोग करायला लावणार आणि मग ठरवणार. परवानगी मिळाली नाही तर मुलग्यांची फार अडचण नव्हती, ते सायकलने फैजपूरला जाऊ शकत होते. मुलींना मात्र गावातच राहावं लागणार आणि अकरावीला शिवणकाम घ्यावं लागणार. कमलला शिवणाचा राग नव्हता. घरची सगळी शिवण तीच करायची. पण अकरावीला पदार्थविज्ञान नाही तर पुढे कॉलेजात सायन्स नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि भाऊंनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, आपलं म्हणणं एकदाच सांगून ठेवलं होतं: गावात असेल ते शीक.

घोळ झाला तो खंडेनवमीला.

त्या दिवशी गावात सगळी हत्यारं पुजायची रीत. वखर, पांभर, विळे, कोयते धुऊन ओळीने मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. ज्यांनी विहिरीवर ऑइल इंजिन बसवलं होतं त्यांनी त्या वर्षी इंजिनालाही माळ घातली. आदल्या दिवशी तोताराम आबा शाळेत आले.

"मास्तर, बठ्ठ्या गावाची हत्यारं पुजतो आपण. शाळेचं हत्यार काहून नही?"

"शाळेचं हत्यार म्हणजे खडू आणि फळा, आबा," सर म्हणाले.

"आन् ते पुण्याचं?"

सरांना नाही म्हणता येईना. जागा आबांची होती, आणि खोल्यांचे, खोक्याचे पैसेही त्यांनीच उभे केले होते. त्यांनी कमल आणि लताला बोलावून सांगितलं, "उद्या पूजा आहे. सगळं पितळ लख्ख झालं पाहिजे." आणि ते रांगोळीचं बघायला गेले.

पितळ लख्ख कसं करायचं हे त्या दोघींना सांगायची गरज नव्हती. लताने घरून भिजवलेली चिंच आणली, कमलने चुलीतली राख आणि नारळाची शेंडी. मीटर ब्रिजच्या पितळी पट्ट्या आधी घासल्या. त्या सोन्यासारख्या झाल्या. मधली तार तेवढी काळपट दिसायला लागली. कमल डावीकडून बसली, लता उजवीकडून. कमलचा हात जोरकस होता. तिने घासलेल्या तांब्यात तोंड दिसतं असं घरी कौतुक व्हायचं. ती राखेची चिमूट घेऊन तारेवरून शेंडी मागे-पुढे ओढत राहिली, तार चमकायला लागेपर्यंत. लता बोलत होती जास्त आणि घासत होती कमी.

पूजा थाटात झाली. आबांनी स्वतः नारळ फोडला. प्रवाह दाखवणाऱ्या गॅल्व्हानोमीटरच्या काचेवर कुंकवाचं बोट उमटलं, ते पुढे आठवडाभर सर ओल्या फडक्याने पुसत होते.

दिवाळीची सुटी संपली आणि प्रयोगांना सुरुवात झाली. पहिला प्रयोग सोपा होता. पाच ओहमचा शिक्का असलेली तारेची एक गुंडाळी ब्रिजच्या डाव्या खाचेत जोडायची. उजव्या खाचेत रोधपेटी, म्हणजे हवा तेवढा रोध लावता येतो अशी पेटी, तिच्यातही पाच ओहम. मग जॉकी म्हणजे पितळेची टोकदार दांडी हातात धरून तारेवर जागोजाग टेकवायची. गॅल्व्हानोमीटरचा काटा जिथे अजिबात हलत नाही ती जागा मोजपट्टीवर वाचायची आणि त्रैराशिक मांडायचं. दोन्हीकडे सारखा रोध असेल तर जागा बरोबर मधोमध, पन्नासावर यायला हवी. तार सगळीकडे सारख्या जाडीची असते, एवढ्या एका विश्वासावर हे सगळं उभं होतं.

कमलची जागा आली साडेअठ्ठेचाळीसवर. तिने पुन्हा केलं. साडेअठ्ठेचाळीस. बरण्यांची जोडणी सोडून, टोकं कानशीने घासून पुन्हा केलं. तेच. त्रैराशिकाने पाच ओहमच्या गुंडाळीचं उत्तर चार पूर्णांक एकाहत्तर शतांश येत होतं.

ब्रिज एकच, म्हणून प्रयोग पाळीपाळीने चालला होता. तिने आधी झालेल्यांच्या वह्या पाहिल्या. त्यांचं उत्तर चार पूर्णांक अठ्ठ्याण्णव शतांश, पाच पूर्णांक एक शतांश, पाच पूर्णांक दोन शतांश असं छान आलं होतं.

"जीवराम, तुझं पन्नासावर आलं?" तिने शेजारी बसलेल्या मुलाला विचारलं.

"पन्नासाच्या आसपास."

"आसपास म्हणजे कुठे?"

जीवराम हसला. "अगं, गुंडाळीवर पाच लिहिलंय ना? मग आधी उत्तर लिहायचं आणि तिथून उलटं वर जायचं. शेवटी थोडं इकडे तिकडे करायचं, म्हणजे सरांना खरं वाटतं."

"म्हणजे तुझाही काटा साडेअठ्ठेचाळीसलाच थांबला."

"माझा काटा कुठे थांबायचा ते मी ठरवतो," जीवराम म्हणाला.

कमलने सरांना बोलावलं. सरांनी तिचा आकडा पाहिला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "गुंडाळी खराब असेल."

"गुंडाळी खराब असेल सर, तर दोन्हीकडची अदलाबदल केल्यावर जागा दुसऱ्या बाजूला जाईल. साडेएक्कावन्नला."

"हो. कर."

तिने गुंडाळी उजवीकडे लावली आणि पेटी डावीकडे. जॉकी साडेएक्कावन्नवर टेकवली. काटा जोरात हलला. तिने दांडी हळूहळू मागे आणली. काटा स्थिर झाला तो पुन्हा साडेअठ्ठेचाळीसवर.

सरांनी जॉकी तिच्या हातातून घेतली आणि स्वतः केलं. मग ते खाली वाकले, डोळा तारेच्या रेषेत आणून बराच वेळ बघत राहिले. खिडकीतलं ऊन फळीवर पडलं होतं. तारेचा डावा भाग चांदीसारखा चमकत होता, उजवा मंद.

"ही तार इकडे एवढी चकचकीत कशी?"

मग लता म्हणाली, "सर, तुम्हीच म्हणालात ना, लख्ख करा म्हणून."

"मी पितळ म्हणालो होतो! ही जर्मन सिल्व्हरची तार आहे! कशाने घासली?"

"चिंचेने," लता म्हणाली.

"आणि राखेने," कमल म्हणाली. "डावीकडून मी घासली."

घासून घासून तार एका अंगाने बारीक झाली होती. बारीक तार विजेला जास्त अडवते, म्हणून काटा मधोमध थांबत नव्हता. हे सरांनी समजावून सांगायच्या आधीच कमलला समजलं, आणि तिचे कान गरम झाले.

"उजवीकडची अर्धी तार लताच्या आळसाने वाचली," जीवराम म्हणाला. लताने त्याला पट्टी दाखवली. सरांना हसू आलं नाही.

तपासनीस पुढच्याच आठवड्यात येणार होते. नवी तार पुण्याहून मागवायची तर तोवर पोचणं शक्य नव्हतं. सरांनी खुर्ची ओढली आणि ते बसून राहिले. सव्वीस वर्षांचा माणूस, जळगावच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेला. भुसावळच्या रेल्वे शाळेतली जागा सोडून गावात शिकवायला आला होता. समितीपुढे उभं राहून त्याने सांगितलं होतं की हा ब्रिज असला की परवानगी मिळालीच समजा.

"आपण तो प्रयोग जीवरामला देऊ," शेवटी सर म्हणाले. "साहेबांपुढे तोच करेल."

जीवरामला प्रयोग देण्याचा अर्थ सगळ्यांना कळला. जीवरामचं उत्तर पाचच येणार.

"आणि साहेबांनी स्वतः जॉकी धरली तर, सर?" कमलने विचारलं.

सरांनी उठून तारेवरून बोट फिरवलं.

"तार बदलता येत नाही," ती म्हणाली, "पण मोजपट्टी बदलता येईल. पेटीतला रोध आपल्याला माहीत आहे. गुंडाळी पाचाची आहे, ती खोटी नाही हे अदलाबदलीने कळलंच. मग पेटीत एक, दोन, तीन असं करत जायचं. प्रत्येक वेळी काटा कुठे थांबायला हवा ते गणिताने काढायचं, आणि खरंच थांबतो तिथे कागदावर तो आकडा लिहायचा. म्हणजे पन्नासाचा आकडा साडेअठ्ठेचाळीसवर येईल."

"कंपनीच्या पट्टीवर कागद चिकटवायचा?"

"हो, सर."

सरांना ते पटलं, पण आवडलं नाही. पुण्याहून आलेल्या वस्तूवर कागद चिकटवणं त्यांना ठिगळ लावण्यासारखं वाटत होतं. तरी पुढच्या दोन दुपारी शाळा सुटल्यावर ते थांबले. कमल जॉकी फिरवायची, लता आकडे वाचायची, सर गणित तपासायचे. जीवरामकडे बरण्या होत्या. पाणी कमी झालं की नवसागर घालायचा आणि तक्रार करायची, "सर, माझ्या पद्धतीने केव्हाच झालं असतं." कागदाची पट्टी गव्हाच्या खळीने फळीवर चिकटवली. आकडे डावीकडे थोडे दाट पडले, उजवीकडे थोडे विरळ. खळ वाळली तेव्हा पाच ओहमची गुंडाळी पाच दाखवायला लागली, आणि कुणालाही उलटं वर जावं लागलं नाही.

तपासनीस येणार त्या सकाळी सरांनी तिघांना बाजूला घेतलं. "साहेबांनी कागदाबद्दल विचारलं तर तार कंपनीकडूनच तशी आली असं मी सांगेन. तुम्ही बोलायचं नाही. समजलं?"

लताने मान हलवली. जीवरामने हलवली. कमलने हलवली की नाही, हे सरांनी पाहिलं नाही.

तपासनीस मूळचे शिरपूरकडचे, पन्नाशीचे, पांढरा कोट घातलेले. त्यांनी रजिस्टरं पाहिली, मुतारी पाहिली, पाण्याचा माठ उघडून पाहिला. सोबत तोताराम आबा नवं उपरणं घेऊन चालत होते. प्रयोगशाळेत आल्यावर साहेब मीटर ब्रिजपाशी थांबले, वाकले, आणि त्यांच्या तोंडून आपसूक घरची बोली आली.

"हाई काय शे?"

मग ते स्वतःच सावरले. "म्हणजे, हा कागद कसला?"

सर पुढे झाले. "साहेब, कंपनीकडून तार जराशी..."

कमलच्या डोक्यात त्या क्षणी फार विचार नव्हते. तिला एवढंच दिसलं की सरांनी वाक्य पूर्ण केलं की साहेब पुढचं विचारणार: मग कंपनीला कळवलं का, कंपनीने काय म्हटलं? आणि सरांजवळ त्याला उत्तर नव्हतं. मग साहेबांना कागदाच्या पट्टीचाही विश्वास वाटणार नव्हता.

"तार मी घासली, साहेब," ती म्हणाली. "खंडेनवमीला. चिंच आणि राख लावून."

सरांचं वाक्य तिथेच राहिलं. आबांनी मात्र उपरणं सारखं केलं आणि पुढे येऊन अभिमानाने सांगितलं, "पूजा कराले मीच सांगलं होतं, साहेब. नारळ बी मीच फोडला. आमच्या गावात कोणतंच हत्यार बिनपूजेचं राहत नही."

साहेबांनी एकदा आबांकडे पाहिलं, एकदा सरांकडे, आणि मग कमलकडे. "आणि हा कागद?"

तिने सांगितलं. सांगताना आकडे चुकले नाहीत. साहेबांनी मधे तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी पाचाची गुंडाळी उचलली, तिच्यावरचा शिक्का वाचला आणि बाजूला ठेवून दिली.

"याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले. जीवरामने खाली पाहिलं.

कपाटावर विजेच्या घंटेसाठी आणलेल्या बारीक तारेचं रीळ होतं. साहेबांनी त्यातली तार हाताने मापून न मापल्यासारखी तोडली, पेन्सिलीवर गुंडाळली आणि कमलपुढे ठेवली. "हिचा रोध काढ. मग अदलाबदल करून पुन्हा काढ. मला दोन्ही उत्तरं हवीत."

जीवराम ज्या वाटेने उत्तराला पोचायचा ती वाट इथे नव्हती. रोध किती आहे हे खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं, साहेबांनाही नाही. कमलने पेटीत चार ओहम लावले. जॉकी टेकवत गेली. काटा थांबला, तिने कागदावरचा आकडा वाचला आणि फळ्यावर गणित मांडलं. तीन पूर्णांक एकोणीस शतांश. मग डावीकडचं उजवीकडे केलं, उजवीकडचं डावीकडे. या वेळी काटा थांबायला वेळ लागला, कारण बरणीतलं पाणी जस्ताच्या खाली गेलं होतं. जीवरामने न सांगता पाणी घातलं. दुसरं उत्तर आलं तीन पूर्णांक एकवीस.

साहेब फळ्यापाशी गेले. दोन्ही वेळच्या जागा त्यांनी कंपनीच्या पट्टीवरही बघून ठेवल्या होत्या. त्यांनी तेच गणित त्या आकड्यांनी करून पाहिलं. एका बाजूने तीन पूर्णांक तीन शतांश, दुसऱ्या बाजूने तीन पूर्णांक एकोणचाळीस.

"एकाच तारेचे दोन रोध असू शकत नाहीत," ते सरांना म्हणाले. "कंपनीची पट्टी आता खोटी आहे, भंगाळे. कागद खरा आहे."

"हो, साहेब," सर म्हणाले.

"पण मी कागदावर परवानगी देऊ शकत नाही. नियमाप्रमाणे उपकरण चालू स्थितीत हवं."

आबा मधे पडले. "चालू हाये ना, साहेब. आत्ताच चाललं तुमच्यासमोर."

"आबा, तुमचा नारळ जरा महागात पडलाय. मला बोलू द्या." साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना घाई नव्हती. "जून उजाडायच्या आत नवी तार बसवा. या अटीवर एका वर्षाची परवानगी. पुढच्या वर्षी मी पुन्हा येईन, आणि तेव्हा प्रयोगाला विद्यार्थी मी निवडीन. तुम्ही नाही."

जाताना ते दारात थांबले आणि सरांशी हळू आवाजात काहीतरी बोलले. कमलला फक्त 'कंपनी' एवढाच शब्द ऐकू आला. सरांची मान खाली होती.

त्या दिवशी सर तिच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तास घेताना त्यांनी तिला नेहमीसारखा प्रश्न विचारला नाही. तो जीवरामला विचारला, आणि जीवरामने तो चुकवला. तिसऱ्या दिवशी सरांनी नव्या तारेची मागणी पुण्याला धाडली. जाता जाता तिच्या बाकापाशी थांबून म्हणाले, "लांबी मीटरपेक्षा जरा जास्त मागवलीये. टोकांना डाग द्यायला लागेल."

"हो, सर," ती म्हणाली.

लताने घरी विचारलं तेव्हा तिच्या घरच्यांनी अकरावीला शिवणच सांगितलं. परवानगी असली तरी. तिने ते फारसं मनाला लावून घेतलं नाही, निदान दाखवलं तरी नाही.

साहेब येऊन गेले त्या संध्याकाळी कमलचे वडील केळीच्या बागेत पाणी वळवत होते. ती बांधावर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, परवानगी भेटली."

त्यांनी फावडं मातीत रोवलं. "किती दिसाची?"

"एका सालाची."

"एकाच सालाची?" ते पाण्याकडे बघत म्हणाले. पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात चाललं होतं. "आन् तुले किती लागते?"

"एकच साल."

"मंग झालं तर," ते म्हणाले, आणि त्यांनी फावडं उचलून पुढच्या आळ्याचं तोंड फोडलं.